मेलबर्नमध्ये बोपण्णाच्या मागावर

रविवारी सकाळी आमचा पुण्यात पन्नाशीपुढच्यांचा डबल्सचा अड्डा असतो. चौघांत मिळून धड गुडघे तीन. त्यातला माझा उजवा गेल्या दिवाळीत बाद झाला. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "गादी झिजलीय. आता टेनिस टीव्हीवर बघा." मेलबर्नला जायचं मात्र त्याआधीच ठरलं होतं. भाची तिकडे पॉइंट कुकला राहते. ऑक्टोबरात तिचा फोन आला, "मामा, जानेवारीतल्या शनिवारची दोन तिकिटं काढलीयत. रॉड लेव्हर अरीना, ऑस्ट्रेलियन ओपनचं मुख्य कोर्ट. महिलांची फायनल, आणि त्याच तिकिटावर नंतर पुरुष डबल्सची."

महिलांची फायनल म्हणजे पंगत आणि डबल्सची म्हणजे वरचा विडा, असंच सगळे मानतात. मला विडाच हवा होता. त्यातही एका माणसाचा: आपला डबल्सवाला रोहन बोपण्णा. जानेवारी २०१९ मध्ये बालेवाडीत त्याला दिविज शरणबरोबर जिंकताना पाहिलं होतं. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता आणि शेजारचे गृहस्थ म्हणाले होते, "बघून घ्या, आता किती दिवस?" पाच वर्षं झाली. ते गृहस्थ हल्ली काठी घेऊन फिरतात आणि बोपण्णा ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये दुसऱ्या मानांकनावर खेळत होता.

जायच्या आधीच कबूल करतो, ऑक्टोबरात तिकिटं काढताना तो फायनलला असेल असं आमच्यापैकी कुणालाही वाटलं नव्हतं. भाची तर सरळ म्हणाली, "मामा, तुमचा माणूस पोचला तर बोनस."

सोमवार, २२ जानेवारी २०२४

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. विमानतळावरच्या तपासणीचं मात्र आहे. ऑस्ट्रेलियात खाण्याचा प्रत्येक पदार्थ फॉर्मवर लिहावा लागतो. लिहिलं की बहुतेक वेळा सोडतात. लपवलं तर दंड. दुधाच्या मिठाया, म्हणजे पेढे, बर्फी वगैरे, नेऊच नका, त्यांना बंदी आहे. आम्ही बाकरवडी, चकल्या आणि मेतकूट नेलं होतं. बाकरवडी बघून अधिकारीण बाईंनी मान डोलावली. मेतकुटाची पिशवी मात्र उघडून त्यांनी नाकाजवळ धरली आणि विचारलं, हे कशावर घालतात? बायको म्हणाली, "मऊ भातावर, तूप घालून. ताप येऊन गेल्यावर." बाईंनी ते अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि पिशवी परत दिली.

विमानतळाच्या वायफायवर पहिली बातमी वाचली ती हीच, की बोपण्णा आणि त्याचा जोडीदार मॅथ्यू एब्डेन तिसरी फेरी जिंकले. वेस्ली कूलहॉफ आणि निकोला मेक्टिचसारखी तगडी जोडी, आणि दोन्ही सेट टायब्रेकमध्ये, म्हणजे ६-६ झाल्यावरच्या निर्णायक गेममध्ये. म्हणजे आम्ही आकाशात असताना खाली हे चाललं होतं. पहिली चुकामूक.

मंगळवार, २३ जानेवारी

पॉइंट कुकहून विल्यम्स लँडिंग स्टेशनला गाडीने, तिथून लोकलने साधारण अर्ध्या तासात फ्लिंडर्स स्ट्रीट. घुमटाचं, पिवळ्या दगडी रंगाचं ते स्टेशन फोटोत असतं तसंच आहे. तिथून मेलबर्न पार्क, म्हणजे स्पर्धेचं आवार, चालत जाता येतं, यारा नदीच्या काठाकाठाने, आणि मी तेच सुचवीन. गुडघ्यांची तक्रार असेल तर स्पर्धेच्या दिवसांत ७० नंबरची ट्राम फुकट नेऊन सोडते. आम्ही जाताना चाललो, येताना ट्राम.

तिकिटाचं एक सांगून ठेवतो. दुसऱ्या आठवड्यात मोठ्या अरीनांची तिकिटं परवडण्यापलीकडे जातात, पण ग्राउंड पास स्वस्तात मिळतो. त्यावर बाहेरची सगळी कोर्टं, सरावाची कोर्टं आणि जॉन केन अरीनात जागा मिळेल तिथे बसता येतं. घरचा डबा नेऊ देतात, फक्त काच आणि कॅन नकोत. आम्ही थालीपीठं नेली होती. टोपी आणि सनस्क्रीन नसेल तर आतमध्ये फुकट सनस्क्रीनचे पंप ठेवलेले असतात, ते लावाच. तिथलं ऊन आपल्या मे महिन्यासारखं अंगावर येत नाही, वारा असतो म्हणून कळत नाही. संध्याकाळी आरशात कळतं.

अ‍ॅपवर सरावाचं वेळापत्रक दिसतं. त्यात नाव सापडलं आणि मी बायकोला जवळजवळ ओढतच नेलं. कुंपणापाशी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा त्याच्या डोक्याएवढा मोठा पिवळा चेंडू सहीसाठी घेऊन उभा होता. मी विचारलं, बोपण्णा? तो म्हणाला, "जस्ट लेफ्ट, मेट." माझं वय बघून त्याने हळहळल्यासारखं तोंड केलं आणि चेंडूवरची एक गिचमिड दाखवली. ती बोपण्णाची होती की आणखी कुणाची, हे त्यालाही सांगता येईना. दुसरी चुकामूक.

मग बाहेरच्या एका कोर्टवर ज्युनियर मुलींची डबल्स बघत बसलो. प्रेक्षक पंचवीस-तीस. पहिल्या रांगेत, बेसलाइनपासून दोन हातांवर. टीव्हीवर जे कधीच कळत नाही ते इथे कळतं. बुटांचा तो किर्र आवाज. सर्व्हिसच्या आधी पुढची मुलगी पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करते, मागची नुसतं "येस" म्हणते. पॉइंट जिंको की हरो, प्रत्येक वेळी टाळी द्यायची. एका मुलीने सोपा स्मॅश जाळ्यात घातला आणि तिचे डोळे भरून आले. दुसरीने टाळी द्यायला हात पुढे केला, तो तसाच धरून ठेवला, ही देईपर्यंत. एकेरीत त्या क्षणी मुलगी एकटी असती.

शेजारी पिकलेल्या केसांच्या एक बाई शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. गेली तीसेक वर्षं येतात म्हणाल्या, आणि बाहेरच्या कोर्टांवरच बसतात. "आतले सगळे मला नावाने माहीत असतात. बाहेरचे मला दहा वर्षांनी नावाने माहीत होतात," असं त्यांचं म्हणणं. मी बोपण्णाचा विषय काढला. त्यांना एब्डेन ठाऊक होता, कारण तो त्यांचा, ऑस्ट्रेलियाचा: २०२२ ला मॅक्स परसेलबरोबर विम्बल्डन डबल्स जिंकलेला. पहिल्याच फेरीत ही जोडी डकवर्थ आणि पोलमन्स या स्थानिक पोरांपुढे हरता हरता वाचली, तिसरा सेट सुपर टायब्रेकपर्यंत, म्हणजे दहा पॉइंटांच्या टायब्रेकपर्यंत गेला, हे त्यांनी मला सांगितलं. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "तो खरंच ४३ वर्षांचा आहे?" मी म्हटलं, मार्चमध्ये ४४ होईल. त्या पुन्हा शब्दकोड्यात गेल्या.

बुधवार, २४ जानेवारी

आज माझ्या हट्टामुळे दिवस वाया गेला, आणि गेला म्हणून सत्कारणी लागला.

बायकोला क्वीन व्हिक्टोरिया मार्केट बघायचं होतं. भाची ऑफिसला जाताना म्हणाली होती, "मामी, दिवस बघून जा." मी म्हटलं, बाजार काय बघून जायचा, मंडई कधी बंद असते का? सोमवार आणि बुधवार मार्केट बंद असतं. उन्हाळ्यात बुधवारी संध्याकाळी तिथे नाइट मार्केट भरतं, पण आम्ही सकाळी अकराला उभे. लोखंडी छपरांखाली रिकामे ओटे आणि एक माणूस पाइपने जमीन धुतोय. बायकोने काहीच म्हटलं नाही. ते जास्त लागतं.

परत घरी आलो आणि टीव्ही लावला तर बोपण्णा-एब्डेनची उपांत्यपूर्व फेरी चालू. समोर मॅक्सिमो गोन्झालेस आणि आंद्रेस मोल्तेनी ही सहावी मानांकित अर्जेंटिनाची जोडी. पुण्याहून हजारो किलोमीटर येऊन मी तो सामना भाचीच्या सोफ्यावर, मऊ भात-मेतकूट खात पाहिला. ६-४, मग टायब्रेक ७-५. संपला तेव्हा समालोचक ओरडत होता, आणि ओरडण्यासारखंच होतं. या विजयानं सोमवारच्या नव्या यादीत बोपण्णा डबल्समध्ये जगात पहिला येणार हे पक्कं झालं. पहिल्यांदाच पहिला. याआधी पहिल्यांदा अव्वल होणाऱ्यांत सगळ्यात वयस्कर होता राजीव राम, तोही ३८ चा. एकूण हिशेब धरला तरी माइक ब्रायन ४१ चा असताना त्या जागेवर होता. बोपण्णाने सगळ्यांनाच मागे टाकलं.

इथे थोडं मागचं सांगतो, कारण नुसतं वय सांगून गोष्ट कळत नाही. कूर्गमधलं कॉफीवाल्यांचं घर. टेनिस अकराव्या वर्षी सुरू केलं, म्हणजे आजच्या हिशेबाने फारच उशिरा. एकेरीत सर्वोच्च क्रमांक २१३. सर्व्हिस मात्र तोफेसारखी, आणि डबल्समध्ये तेवढ्या भांडवलावर दुकान थाटता येतं. २०१० मध्ये पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबर अमेरिकन ओपनची फायनल. ब्रायन बंधूंकडून दोन टायब्रेकमध्ये हार. २०१७ मध्ये गॅब्रिएला डाब्रोव्स्कीबरोबर फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकला. पुरुष डबल्सचं ग्रँड स्लॅम काही हाती लागेना. जोडीदार बदलत राहिले. २०२१ च्या सुरुवातीला कित्येक महिने एकही सामना जिंकता येत नव्हता. पोर्तुगालमध्ये समुद्राकडे बघत बसलो होतो आणि वाटलं, घरी लहान मुलगी आहे, मी इथे काय करतोय, असं त्यानेच नंतर सांगितलंय.

त्याचे गुडघे तर माझ्याहून वाईट. दोन्हीतली गादी संपलेली. वेदनाशामक गोळ्या घेऊन खेळायचा. करोनाच्या काळात त्याने अय्यंगार योग सुरू केला आणि गोळ्या सुटल्या. ही गोष्ट मी बायकोला दोन वर्षांपूर्वी सांगून चूक केली. ती पंधरा वर्षं अय्यंगार पद्धतीच्या वर्गाला जाते; घरात पट्टे, लाकडी विटा, लोड असा संसार आहे. तेव्हापासून बोपण्णा जिंकला की श्रेय मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगार संस्थेला जातं. आजही टीव्ही बंद करता करता म्हणाली, "अहो, तुमच्या त्या बोपण्णाचे गुडघे आमच्या गुरुजींनी टिकवले. तुम्ही मात्र खुर्चीवर बसून सुप्त वीरासनाची चेष्टा करा."

एब्डेन भेटला तो २०२३ च्या सुरुवातीला, आणि मग जे झालं ते माझ्यासारख्या चाहत्यालाही पटत नव्हतं. दोहा जिंकले. इंडियन वेल्स जिंकले, तेव्हा तो मास्टर्स १०००, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या खालोखालची स्पर्धा, जिंकणारा सगळ्यात वयस्कर खेळाडू ठरला. माद्रिद आणि शांघायला फायनल, विम्बल्डनला सेमी, अमेरिकन ओपनला पुन्हा फायनल. मध्येच हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ऋतुजा भोसलेबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण. पहिला सेट ६-२ हरून. त्या दिवशी तिच्या श्रीरामपुरात पेढे वाटले असतील. या जानेवारीत मेलबर्नच्या आधी अ‍ॅडलेडलाही फायनल गाठली, राम-सॅलिसबरीने अटीतटीने हरवलं.

सगळीकडे फायनल आणि शेवटचा घास राहून जातोय, असा तो फॉर्म. गेल्या वर्षी याच मेलबर्नमध्ये सानिया मिर्झाच्या शेवटच्या ग्रँड स्लॅममध्ये मिश्र दुहेरीची फायनल तो तिच्याबरोबर हरला होता. तो सामना मी टीव्हीवर पाहिला होता, म्हणून यंदा मनात धाकधूक.

गुरुवार, २५ जानेवारी

जावयाने ग्रेट ओशन रोडसाठी रजा टाकली होती आणि ती मोडायला सांगायची माझी हिंमत झाली नाही. आज सेमीफायनल, आणि आम्ही गाडीत. तिसरी चुकामूक.

रस्ता सुंदर आहे यात वाद नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी कुदळ-फावड्याने फोडलेला हा रस्ता. सुरुवातीला लाकडी कमान लागते, तिथे थांबून फोटो काढायची रीत आहे. डावीकडे समुद्र, उजवीकडे निलगिरीचं जंगल. लॉर्नला मासे आणि बटाट्याच्या जाड काचऱ्या खाल्ल्या; बायकोला लिंबू हवं होतं, काउंटरच्या मुलाने अख्खं लिंबू कापून दिलं. ट्वेल्व्ह अपोसल्स, म्हणजे समुद्रातले ते उंच दगडी सुळके, बघायचे असतील तर एका दिवसात परत येणं म्हणजे सकाळी सहाला निघणं, हे लक्षात ठेवा. आम्ही आठला निघालो म्हणून अपोलो बेवरून मागे फिरलो. तसेही ते बारा नाहीतच, कधी नव्हतेही.

लॉर्नच्या पुढे फोनची रेंज येते-जाते. सेमीफायनल टोमास माहाच आणि झांग झिझेन यांच्याशी होती. पहिला सेट ६-३ एवढं कळलं आणि रेंज गेली. केनेट रिव्हरला थांबलो, तिथे झाडांवर कोआला दिसतात. नातू "आजोबा, वर! वर बघा!" म्हणून ओरडत होता. वर फांदीच्या बेचक्यात करड्या रंगाचं गाठोडं झोपलेलं. त्याच क्षणी फोन थरथरला: दुसरा सेट ३-६ गेला. मी वर न बघता खाली बघत होतो आणि माझा हा फोटो भाचीच्या फोनमध्ये कायमचा आहे: सगळं कुटुंब माना वर करून, एकटा मी मान खाली घालून.

तिसऱ्या सेटचा टायब्रेक दहा पॉइंटांचा. वळणावळणाच्या रस्त्यावर एक-एक पॉइंट येत होता. ७-७ ला रेंज गेली ती परत येईना. गाडीत कोणी बोलेना. जावई बिचारा एका व्ह्यू पॉइंटला थांबला, मी गाडीतून उतरून कठड्यापाशी हात उंच करून उभा राहिलो. १०-७. मी मोठ्यांदा ओरडलो. शेजारी उभ्या असलेल्या जर्मन जोडप्याला वाटलं मला देवमासा दिसला. ते धावत कठड्याशी आले आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. त्यांना खरं काय ते सांगायचा धीर झाला नाही.

शुक्रवार, २६ जानेवारी

उठलो तर पुण्याहून मेसेजांची रांग. बोपण्णाला पद्मश्री जाहीर. आपल्याकडे प्रजासत्ताक दिन, इथे ऑस्ट्रेलिया डे. हा दिवस तिथे सगळ्यांना सारखा साजरा करावासा वाटत नाही. मूळ रहिवासी आणि त्यांच्या बाजूचे बरेच लोक तो शोकाचा मानतात, शहरात मोर्चाही होता. स्टेशनात काळ्या-लाल-पिवळ्या झेंड्यांचे शर्ट घातलेली मंडळी आणि डोक्यात राष्ट्रध्वजाची टोपी घातलेली मंडळी एकाच डब्यात, एकमेकांकडे न बघता.

दुपारी कार्लटनमधल्या लायगन स्ट्रीटवर. हा इटालियन लोकांचा जुना भाग, मेलबर्नला कॉफीचं जे वेड आहे त्यात यांचा मोठा वाटा. सार्वजनिक सुट्टीला बिलावर दहा-पंधरा टक्के जास्त लावतात, तशी पाटी दाराशी असते. वाद घालू नका. त्याच दिवशी ट्रेनचं दिवसाचं कमाल भाडं मात्र कमी असतं. तर तेवढंच तेवढं.

कॅफेत मोठा टीव्ही आणि समोर सगळा मोहल्ला. यानिक सिनर विरुद्ध जोकोविच, पुरुषांची सेमी. जोकोविच इथे दहा वेळा जिंकलेला, ३३ सामने न हरलेला. पहिले दोन सेट ६-१, ६-२ सिनरचे. अख्ख्या सामन्यात जोकोविचला एकही ब्रेक पॉइंट, म्हणजे सिनरची सर्व्हिस मोडायची संधी, मिळाला नाही. म्हातारे इटालियन टेबलं बडवत होते. त्यांच्यातल्या एकाने, उद्या कुणाकडून, असं मला विचारलं. उद्या डबल्सच्या फायनललाही इटालियनच समोर होते: सिमोने बोलेल्ली आणि आंद्रेआ वावासोरी. मी बोपण्णा म्हटल्यावर त्याने छातीवर हात ठेवून खोटंखोटं दुःख दाखवलं आणि मला कॉफी पाजली. छोटा कप, कडू, वर साखर त्यानेच टाकली, मला न विचारता.

जोकोविच ३६ चा. दुपारभर तो थकलेला दिसत होता. ट्राममध्ये तेच डोक्यात घोळत होतं.

शनिवार, २७ जानेवारी

सकाळी मार्केट. या वेळी दिवस बघून गेलो. चीजचे, ऑलिव्हचे, खेकड्यांचे ओटे वगैरे आहेच, पण जायचं ते जॅम डोनटसाठी. १९५० पासून उभी असलेली एक व्हॅन आहे, तिच्यापुढे रांग. आपल्या बालुशाहीएवढे गोळे तळून, साखरेत घोळवून, गरम असतानाच नळीने आत जॅम भरतात. पहिला घास जपून घ्या, जॅम उकळता असतो. मी जपला नाही. संध्याकाळपर्यंत जीभ पोळलेली होती.

रॉड लेव्हरमध्ये आमच्या जागा वरच्या मजल्यावर, पायऱ्या भरपूर. दुर्बीण न्या. महिलांची फायनल तासा-सव्वातासात उरकली: सबालेंकाने झेंग चिनवेनला ६-३, ६-२ हरवलं. बक्षीस समारंभ झाला आणि लोक उठायला लागले. ही मला खटकलेली गोष्ट. हजारोंनी माणसं तिकिटाचे एवढे पैसे मोजून अर्धंच बघून निघाली. बायको म्हणाली, बरं झालं, पाय लांब करता येतील.

रिकाम्या झालेल्या खुर्च्यांत खालून लोक सरकत आले आणि माझ्या शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. सत्तरीचे, ताठ. मडिकेरीजवळचे, मुलाकडे आलेले. कूर्गी! मी पुण्याचा म्हटल्यावर लगेच हिंदीत सुरू. "आमच्याकडे प्रत्येक घरात एक हॉकीची काठी आणि एक फौजी," ते म्हणाले. "हा टेनिसकडे वळला तेव्हा लोक म्हणाले, हे काय नवीन?" कॉफीचं पीक यंदा कसं आहे हे त्यांनी मला पहिल्या सेटभर सांगितलं, पण प्रत्येक पॉइंटला बरोबर थांबून.

पहिला सेट टायब्रेकपर्यंत गेला. एरवी मला टायब्रेक बघवत नाही, उठून पाणी आणायला जातो. या वेळी उठायला पायऱ्या फार होत्या. सात पॉइंट झाले आणि सातही आपले. ७-०! कूर्गी गृहस्थ उभे राहिले, खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, बसले.

दुसरा सेट बघताना मी दुर्बिणीतून फक्त बोपण्णाच्या पायांकडे बघत होतो. गुडघ्याच्या रोग्याला दुसऱ्याचा गुडघा लगेच दिसतो. तो धावत नाही. म्हणजे धावतो, पण एक पाऊल आधी निघतो म्हणून धावल्यासारखं वाटत नाही. दोन पॉइंटांच्या मध्ये चाल अगदी सावकाश, बागेत फिरायला निघाल्यासारखी. मग वळतो, चेंडू टप्पा टप्पा आपटतो, आणि वर फेकलेल्या चेंडूमागे अख्खं शरीर लांब होतं. आवाज वरच्या मजल्यावर नंतर येतो. एब्डेन जाळ्यापाशी मांजरासारखा, त्याच्या पाठीवर बोटांची खूण. मंगळवारच्या त्या दोन मुलींसारखीच.

५-५. मग सलग दोन गेम घेतले आणि संपलं. ७-६, ७-५, एक तास ३९ मिनिटं.

४३ वर्षं आणि जवळजवळ ११ महिने. पेस आणि भूपतीनंतर पुरुष डबल्सचं ग्रँड स्लॅम जिंकणारा तिसरा भारतीय. वय ४३ नव्हे, लेव्हल ४३, असं तो म्हणाला, ते सगळीकडे छापून आलंय. कूर्गी गृहस्थ काही बोलले नाहीत. बराच वेळ टाळ्या वाजवत राहिले, फौजेतल्यासारख्या, एका लयीत. मग मला म्हणाले, "इसका बाप भी घर पे ऐसेही बैठा होगा."

परतीची सोय: शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर लोकल असतात, मध्यरात्रीनंतर तासाला एक. आम्हाला पाऊण तास थांबावं लागलं. फलाटावर निळ्या जर्सीतली इटालियन पोरं, हरल्यावरही गात होती. उद्या त्यांचा सिनर होता.

रविवार, २८ जानेवारी

सामान बांधायचा दिवस. दुपारी नातवाने गॅरेजच्या भिंतीसमोर रॅकेट हातात दिली. "आजोबा, बोपण्णासारखी सर्व्हिस करून दाखवा." घरात कोणी बघत नव्हतं. मी तीन केल्या. तिसरी चांगली पडली, नातूसुद्धा "वॉव" म्हणाला. चौथीला गुडघ्यात कट्‌ असा आवाज आला, तो त्यालाही ऐकू गेला.

रात्री सिनर-मेदवेदेव फायनल सोफ्यावर, पाय उंच, गुडघ्यावर भाचीने फ्रीझरमधली मटारची पिशवी ठेवलेली. बायकोने पट्टा काढून पायाला कसा लावायचा ते दाखवलं आणि, तिच्या श्रेयाला जागून, एक अक्षर बोलली नाही. सिनर दोन सेट हरला. तिसरा जिंकला. चौथ्यात कधीतरी माझा डोळा लागला. तो पाच सेटमध्ये जिंकला हे सकाळी कळलं. मटार तोवर पार मऊ झाले होते. भाचीने विमानासाठी त्यांच्या करंज्या करून दिल्या.